सहीचा हात

विमलताई पाईकराव यांनी मला पहिल्याच भेटीत शिक्का फेकून मारला. लाकडी मुठीचा, चांगला जड शिक्का. मी वाकलो म्हणून तो मागच्या कपाटावर बसला आणि काच खळकन खाली आली. कचेरीत कुणी मानसुद्धा वर केली नाही. शिपाई झाडू घेऊन आला आणि काचा गोळा करता करता मला म्हणाला, "नवीन हाय का तुमी?"

मी खरोखरच नवीन होतो. हसनाबादहून जालन्याला येऊन माल परदेशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांची कागदपत्रं करून देणाऱ्या एका ऑफिसात लागलो होतो. माल देशाबाहेर निघाला की त्याच्यासोबत एक दाखला जावा लागतो: हा माल कुठल्या देशात पिकला किंवा बनला. धंद्यात त्याला सीओ म्हणतात. काही देशांशी आपला करार आहे, त्यामुळे भारतात पिकलेल्या मालाला तिकडे जकात कमी बसते. म्हणून या एका कागदासाठी माणसं देवाला नवस बोलतात, आणि नवसाने नाही जमलं तर इतर मार्ग धरतात. जालन्यात तो दाखला द्यायचा अधिकार ज्या कचेरीला होता, तिथे विमलताई सही करणाऱ्या अधिकारी होत्या.

माझ्या व्यापाऱ्याने अर्जाला एक चिठ्ठी जोडली होती. माल बाहेरून आणला असला तरी इथे चाळून, निवडून नव्या पोत्यांत भरला आहे, सबब मूळ देश भारत धरावा. मी ती न वाचताच टेबलावर ठेवली होती. ताईंनी ती वाचली आणि शिक्का उचलला.

"पोतं बदललं म्हणून दाण्याचं गाव बदलतं का भाऊ?" काचा गोळा होईपर्यंत त्या शांत झाल्या होत्या. "चाळलं काय, निवडलं काय, धुऊन पुसून नवी कापडं घातली काय. ज्या मातीत आला त्या मातीचा. नियम हाय. बस, चहा घे."

मी चहा घेतला. निम्मा बशीत सांडला. कपाटाला नवी काच मात्र कुणी बसवली नाही. पुन्हा फुटणारच, असं शिपायाचं म्हणणं होतं.

बुटक्या, रुंद खांद्याच्या, चालताना जमीन दाबत चालणाऱ्या बाई. साडीच्या कमरेला कायम पुरुषांचा पांढरा रुमाल खोचलेला. स्कूटीला एक परखी बांधलेली. परखी म्हणजे पोत्याच्या पोटात खुपसून आतले दाणे बाहेर काढायची टोकदार, पोकळ लोखंडी नळी. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, ती सगळ्यांकडे असते, सरकारी टेबलावर बसणाऱ्या माणसाकडे नसते. प्रत्येक माल जाऊन बघावा अशी सक्ती नियमात नव्हती, शंका आली तर बघा एवढंच होतं. ताईंना शंका रोज येई. त्या गोदामात शिरत आणि पोत्यांत अशी परखी खुपसत की हमाल बाजूला सरकत. निघालेले दाणे त्या रुमालावर चोळत. आमच्याकडची जमीन काळी. इथल्या हरभऱ्याची धूळ रुमालावर काळसर उतरते. तो डाग पाहिला की ताई मान हलवत आणि म्हणत, "इथलाच माल हाय." मग व्यापाऱ्याच्या जिवात जीव येई.

त्या सगळ्यांना भाऊ म्हणत. शिव्या देतानाही भाऊ. पण कुणाला त्यांनी "अहो साहेब" म्हटलं की जाणकार माणूस खुर्ची मागे ओढून घेई. एका मोठ्या कंपनीच्या मॅनेजरला हे कुणी सांगितलं नव्हतं. "अहो साहेब, तुम्ही तर शिकलेले," असं ताई म्हणाल्या, तो खूश होऊन पुढे झुकला आणि फाइलचा फटका कानशिलावर खाऊन बसला. तक्रारी झाल्या, चौकशा झाल्या, दोनदा बदलीची हूल उठली. दर वेळी वरून माणूस यायचा, दाखले तपासायचा, एकही चुकीचा सापडायचा नाही आणि तो परत जायचा.

नवऱ्याबद्दल मी एकदाच विचारलं. त्या डबा खात होत्या. "होता की. त्यानं एकदा हात उचलला, मी कुकरचं झाकण उचललं. उजव्या कानानं ऐकू येईना त्याला. मंग डाव्या कानात सांगितलं, निघ म्हणून." आणि मला ठेच्याची वाटी पुढे केली.

हे सगळं ऐकायला मौजेचं वाटतं. तेव्हा समोर असलेल्याला मौज वाटत नसे. ताईंचा राग चुकीच्या माणसावरही पडायचा, आणि तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

दिलीप ढवळे नावाचा डाळी-हरभऱ्याचा मोठा व्यापारी होता. मोंढ्यात त्याची अडत, मंठा रोडला गोदाम. एकदा ताईंनी त्याची पोती तपासून गेरूने खुणा केल्या आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर खुणांची पोतीच गायब. "कुणी हलवली?" म्हटल्यावर ढवळेने रज्जाकभाई हमालाकडे बोट केलं. ताईंनी पुढचं ऐकलं नाही. हातातल्या परखीची मूठ रज्जाकभाईच्या कपाळावर बसली. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं, म्हातारा माणूस पोत्यावर बसला आणि शर्टाने डोळा पुसत राहिला. संध्याकाळी कळलं की आदल्या दिवशी रज्जाकभाई जालन्यातच नव्हता, मंठ्याला भाचीच्या लग्नात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोंढा भरलेला असताना ताईंची स्कूटी येऊन थांबली. मी तिथे नमुने घ्यायला गेलो होतो. ताई थेट रज्जाकभाईसमोर उभ्या राहिल्या. त्याच्या कपाळावर टाके होते.

"रज्जाकभाई, मार मला."

"तोबा तोबा. क्या बोलरे ताई."

"काल मी तुला मारल्तं का न्हाई? गुन्हा नसताना मारल्तं. आता तू मार. जल्दी कर, मला ऑफिसला जायचंय."

लोक गोळा झाले. रज्जाकभाईने हात जोडले, ताईंनी ते खाली ओढले. शेवटी त्याने भीत भीत ताईंच्या गालाला बोटं लावली.

"हे काय मारणं झालं? मी असं मारल्तं का? बराबर मार."

रज्जाकभाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण त्या पाण्यात रागही होता, आणि तो ताईंनीच उकरून काढला होता. त्याने मारलं. आयुष्यभर पोती उचललेला हात तो. ताई मागच्या पोत्यांच्या थप्पीवर आदळल्या, ओठ फुटला, पांढऱ्या रुमालावर रक्त उतरलं. त्या उठल्या, दात हलतोय का ते जिभेने पाहिलं आणि म्हणाल्या, "आता बराबर." स्कूटी चालू करून निघून गेल्या. रज्जाकभाई त्या दिवशी एकही पोतं उचलू शकला नाही. "हात अब्बी भी काँपरा मेरा," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. मला मात्र त्या बाईची तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. स्वतःवरही तेवढाच घाव घालून घेणाऱ्या माणसाला अडवायचं कसं?

आता सहीबद्दल सांगायला हवं. ताईंची सही म्हणजे पूर्ण नाव: विमल सखाराम पाईकराव. सखाराम हे वडिलांचं. कुठे अक्षर खाल्लेलं नाही, काना-वेलांटी सुटलेली नाही. पेन इतकं दाबून चालायचं की खालच्या कागदावर उठायचं. काम तुंबलेलं असताना कुणी छोटी सही करा म्हटलं तर त्या भडकत. त्यांची आई मंठ्याकडच्या एका खेड्यात रोजगार हमीवर खडी फोडायची आणि हजेरीपटावर अंगठा द्यायची. त्या अंगठ्याची शाई जायची नाही, भाकरीलाही लागायची. "मी बारकी होते तवा ती शाई चाटून बघितल्ती," ताई म्हणाल्या होत्या. "कडू. तवाच ठरवलं, आपण नाव लिहायचं. सगळंच्या सगळं." त्यांच्या टेबलावरचं शाईचं पॅड फक्त शिक्क्यासाठी होतं. अंगठा उठवायला कुणाला त्याला हात लावू देत नसत. निरक्षर माणूस आला तर स्वतः त्याचा हात धरून नाव गिरवून घेत, मागे रांग कितीही असो.

आता बहुतेक कामं कॉम्प्युटरवर होतात, पण काही देशांच्या कस्टमला अजून शाईचीच सही लागते. सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना आधी तिकडे पाठवलेला असतो. दाखला आला की तिथला माणूस नमुना काढतो, ताडून बघतो, आणि जुळली नाही तर दाखला परत करतो. जालन्याच्या कचेरीतले जुने अधिकारी निवृत्त झाल्यावर त्या देशांकडे एकाच सहीचा नमुना उरला होता, ताईंच्या. नव्या अधिकाऱ्यांचा नमुना पाठवला होता, पण तिकडच्या यादीत तो अजून चढायचा होता. मोंढ्यात हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. ढवळेलाही नव्हतं.

एके दिवशी ढवळेचा डॉलर हरभरा, म्हणजे टपोरा काबुली, तपासायचा होता. त्याचे कागद आमच्या ऑफिसकडे असल्याने मी ताईंच्या मागे स्कूटीवर बसून गेलो. गोदामात थंड बाटल्या मांडल्या होत्या. ताईंनी बाटलीकडे बघितलं नाही. पुढच्या थप्पीतली धूळ रुमालावर काळी उतरली. ढवळे हसला. ताई चपला काढून थप्पीवर चढल्या, पोत्यांवरून सरपटत पार मागे गेल्या. तिकडून परखी खुपसल्याचा आवाज येत राहिला, खच, खच. उतरल्या तेव्हा रुमाल लाल मातीने माखला होता.

"अहो साहेब," ताई म्हणाल्या. मी दोन पावलं मागे सरकलो. "आपलं रान काळं. ह्या हरभऱ्याला लाल माती कुठली लागली?"

"धूळ काय ताई, कुठूनबी येती."

ताई गोदामाच्या मागच्या बाजूला गेल्या. तिथे एक ढीग धुमसत होता. परखीने उकरला तर आत अर्धवट जळालेली पोती, त्यांवर परदेशी छापील अक्षरं. ताईंनी त्यातलं एक धुमसतं पोतं परखीवर उचललं आणि ढवळेच्या छातीवर फेकलं. त्याच्या पांढऱ्या शर्टाने पेट घेतला. दोन माणसं धावली, हातांनी थापटून विझवलं. कातडी भाजल्याचा वास आला.

"दाखला मिळणार न्हाई," ताई म्हणाल्या.

ढवळे ओरडला नाही. जळक्या शर्टाकडे बघत म्हणाला, "तुमच्या एका सहीवाचून जग थांबत न्हाई ताई. सही करायला दुसरेबी साहेब हायेत."

परत येताना भर दुपारी, बाभळींच्या पट्ट्यात, मागून एका पिकअपने स्कूटीला ढकललं. आम्ही शेतात फेकलो गेलो. पिकअपमधून पाच-सहा जण उतरले. मी उठायच्या आत एकाने माझ्या मानेवर बूट ठेवला. तोंडात माती गेली, समोरचा दात तुटला. त्यानंतरचं सगळं मी जमिनीला गाल लावून, आडवंच पाहिलं.

ताईंच्या हातात परखी होती. पहिला जवळ आला त्याच्या मांडीत त्यांनी ती मुठीपर्यंत घातली आणि फिरवली. तो गुरासारखा हंबरला. दुसऱ्याच्या मनगटाचा त्यांनी लचका तोडला, तो तुकडा थुंकताना मी पाहिला. मग पाठीत गज बसला आणि त्या गुडघ्यावर आल्या. एकाने हातोडी काढली आणि विचारलं, "सही कोणत्या हातानं करती?" ताई त्याच्या तोंडावर थुंकल्या.

"उजव्या," माझ्या मानेवरचा म्हणाला. "शेठनं सांगितल्तं ना."

त्यांनी तो हात रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावर पसरवला. एकाने मनगट दाबलं, एकाने बोटं सरळ केली. पहिल्या घावाला ताई ओरडल्या नाहीत. नंतर ओरडल्या. तो आवाज माझ्या कानात आहे, आणि हातोडी दगडावर वाजायची तोही आहे, कारण मधलं हाड उरलं नव्हतं. मी रडत होतो, शिव्या देत होतो. ते पिकअपमध्ये बसून गेले. मांडीत परखी घुसलेल्याने जाताना ती स्वतःच उपसून टाकली. ताईंनी रांगत जाऊन ती डाव्या हाताने उचलली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी बोटांत तारा घातल्या, तळहातात धातूची पट्टी बसवली, कोपरापर्यंत प्लास्टर केलं. म्हणाले, सगळी बोटं वाचलीत. हाताला धक्का लागू दिला नाही तर पेन धरता येईल, लागला तर मात्र पुन्हा काही करता येणार नाही. ताईंनी पोलिसांना ढवळेचं नाव सांगितलं. तपास चालू झाला, म्हणजे काय झालं ते मला माहीत नाही.

इकडे ढवळेने माल पाठवून दिला होता. नवे अधिकारी भले गृहस्थ, कागद बघून सही करणारे. त्यांनी सही केली. आणि दाखला तिकडून परत आला, सहीचा नमुना नाही म्हणून. ढवळेचा माल परक्या बंदरात अडकला. त्याच्यामागे बाकीच्यांचाही अडकला, खऱ्या काळ्या रानातल्या हरभऱ्यासकट. ताईंना रोज शिव्या घालणारे व्यापारी आता हॉस्पिटलच्या पायरीवर येऊन त्या हाताची चौकशी करू लागले. ज्या हातावर हातोडी घातली, त्या हाताशिवाय मोंढ्याचं पान हलत नव्हतं. ताई खाटेवर पडून बोटांचं टोक हलतंय का ते बघत. "महिनाभर दम धरा म्हणावं," मला म्हणत. "नाव पुरं लिहीन." रात्रंदिवस त्या एवढ्या एकाच गोष्टीला धरून होत्या. कुणी खाटेला धक्का दिला तरी ओरडत. नर्सला घड्याळ काढायला लावत, चुकून प्लास्टरला लागेल म्हणून.

आणि एका दुपारी ढवळे आला. मी खाटेशी होतो, रज्जाकभाई डबा घेऊन आला होता. ढवळेच्या एका हातात मोसंबीची पिशवी, दुसऱ्या हातात नवा दाखला, तयार टाइप केलेला. गळ्याशी भाजल्याचा डाग होता.

"ताई, वाईट झालं बघा. गुंडांना काय, बाईमाणूस कळत न्हाई." तो स्टुलावर बसला. "तेवढी सही द्या. कशी का होईना. वाकडीतिकडी आली तरी ताडून घेतील, दवाखान्याचं पत्र जोडू. डॉक्टरला मी बोलतो, प्लास्टर पुढून थोडं कापू."

रज्जाकभाईने डबा खाली ठेवला. मी उठलो. ताईंनी डाव्या हाताने आम्हाला थांबवलं.

"अहो साहेब," ताई म्हणाल्या, अगदी मऊ आवाजात. "जरा जवळ या."

इतकी वर्षं मोंढ्यात काढून त्याला हे कळू नये! तो पुढे झुकला, पेनचं टोपण काढून.

डावा हात मोकळा होता, चांगला होता. ताईंनी उजवा उचलला. पूर्ण ताकदीने, खांद्यातून, प्लास्टरसकट त्याच्या तोंडावर. नाक फुटल्याचा आवाज आला आणि त्याच्याबरोबरच दुसरा, प्लास्टरच्या आतून. ढवळे स्टुलासकट मागे कोसळला. मोसंब्या खाटांखाली गडगडत गेल्या. ताईंनी पुन्हा हात उचलला, पुन्हा मारला, खाटेवरून खाली येऊन, त्याच्या दातांवर. आम्ही दोघांनी ओढून काढेपर्यंत पांढरं प्लास्टर बोटांकडून लाल होत आलं होतं आणि एक तार बाहेर आली होती.

खरं सांगतो, पहिल्या घावाला मला आनंद झाला. दुसऱ्याला मी त्यांच्यावर चिडलो. इतकं जपलं ते यासाठी? डॉक्टर धावत आले आणि नर्सकडून कात्री मागून प्लास्टर कापू लागले. ताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"डाव्यानं मारायचं होतं ना ताई," मी ओरडलो.

"त्यानं जो मोडला तोच द्यायला पायजे ना भाऊ," त्या म्हणाल्या. "आता बराबर." आणि मग, जे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं ते म्हणाल्या. "लई दुखून राह्यलंय रे."

मांडीत भोक पडलेला माणूस पुढे अंबडच्या एका दवाखान्यात सापडला. त्याने ढवळेचं नाव घेतलं. ढवळे आत गेला, जामिनावर बाहेर आला, खटला चालू आहे. त्याचं नाक कायमचं एका बाजूला आहे.

ताईंना मी शेवटचं पाहिलं ते कचेरीत. तिकडच्या कस्टमकडून त्यांच्या सहीचा नमुना रद्द करायचा होता, आणि त्या अर्जावर त्यांचीच सही हवी होती. रज्जाकभाई त्यांना रिक्षाने घेऊन आला होता. उजव्या हाताची बोटं आत वळलेली, उघडत नव्हती. ताईंनी डाव्या हाताने पेन त्या बोटांत बसवलं. विमलचा 'वि' निघाला नाही. पेन टेबलावरून घरंगळलं. त्यांनी ते पुन्हा बसवलं, पुन्हा पडलं. डाव्या हाताने लिहू गेल्या तर नाव ओळखू येईना. नवे अधिकारी खाली बघत म्हणाले, "ताई, अंगठा चालेल."

शिपाई पॅड द्यायला जागचा हलला नाही. ताईंनी स्वतःच पॅड पुढे ओढलं, डावा अंगठा शाईत दाबला आणि कागदावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग कमरेचा रुमाल काढून अंगठा त्यावर चोळला आणि डागाकडे बघत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"काळा," त्या मला दाखवत म्हणाल्या. "इथलाच माल हाय."

रज्जाकभाईने दार धरलं. ताई दारापर्यंत गेल्या, थांबल्या, आणि त्या उघड्या कपाटाकडे बघून शिपायाला म्हणाल्या, "काच बसवून घ्या आता."

शिपायाने होय म्हटलं. काच अजून बसवलेली नाही.